पॅरिसच्या बाजारातले कांद्याचे सूप

पॅरिस शहराच्या ऐन मध्यावर ‘ले आल’ नावाचा घाऊक बाजार शतकानुशतके भरत असे. फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने ११८३ साली तेथे दोन मंडया बांधविल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिक्टर बाल्तार या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार लोखंड आणि काच यांची भव्य दालने त्या जागी उभी राहिली. हा बाजार रात्री जागा होई. शहर झोपी गेले की भाजीपाला, मांस, मासळी, लोणी यांनी भरलेल्या गाड्या येऊ लागत आणि पहाटेपर्यंत हमालांची वर्दळ चाले. या हमालांचा परवानाधारक असा एक वर्गच होता. त्यात प्रवेश हवा असेल तर दोनशे किलोंचे ओझे साठ मीटर वाहून दाखवावे लागे. अशा श्रमाच्या रात्रीनंतर थंडीने काकडलेली ही माणसे बाजाराच्या कडेच्या खानावळींत शिरत, आणि त्यांच्यापुढे एक जाड वाडगा येई. वर भाजलेल्या चीजचा तांबूस पापुद्रा, त्याखाली भिजून फुगलेला पाव आणि त्याखाली कांद्याचा गडद, वाफाळता रस. शेजारच्याच बाकावर नाटकगृहातून किंवा नृत्यशाळेतून परतणारी, उंची वस्त्रे ल्यालेली मंडळीही तेच सूप पीत बसलेली असत. रात्रभर राबलेला आणि रात्रभर रमलेला, दोघांचीही भूक एकाच वाडग्याने भागे.

या पदार्थाचे फ्रेंच नाव ‘सूप आ लोन्याँ ग्रातिने’ असे आहे. आज जगभरातील मोठ्या उपाहारगृहांच्या यादीत ते मानाने मिरवते आणि त्याची किंमतही तशीच असते. त्यामुळे हा काही तरी खर्चिक, कसबी आचाऱ्यालाच साधणारा प्रकार असावा असा समज सहज होतो. वस्तुतः त्यात आहे काय? कांदा, लोणी, शिळा पाव, पाणी आणि थोडे चीज. यांपैकी चीज सोडले तर बाकी साऱ्या वस्तू गरिबाच्या घरच्या. या सामान्य वस्तूंना असामान्य चव येते ती मंद विस्तव आणि सुमारे तासाभराचा धीर यांमुळे. हा तास ज्याने दिला त्याचे सूप साधते; ज्याने तो वाचविला त्याच्या वाडग्यात कांद्याचे पाणी उरते.

‘सूप’ या शब्दाचा इतिहासही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये ‘सूप’ म्हणजे रस नव्हे, तर ज्यावर तो रस ओतावयाचा ती पावाची फोड. शिळा, कडक झालेला पाव फेकून देणे ज्या घरांना परवडत नव्हते, त्यांनी तो ऊन रसात भिजवून मऊ करून खाण्याची रीत पाडली. कालांतराने फोडीचे नाव रसाला मिळाले आणि फोड बिचारी मागे पडली. कांद्याच्या सुपात मात्र ती अजून आपल्या जागी आहे. म्हणून या सुपातील पाव ही वरची सजावट नसून पदार्थाचा मूळ पाया आहे असेच समजले पाहिजे.

ला व्हारेन या प्रसिद्ध आचाऱ्याचा ‘ल क्विझिनिये फ्राँस्वा’ हा पाकग्रंथ १६५१ साली प्रसिद्ध झाला. त्यात कांद्याच्या रसाची कृती आहे. कांदा पातळ चिरावा, लोण्यात परतावा, पाणी घालून शिजवावा, त्यात पावाचा कडक तुकडा मुरवावा आणि वाढताना वरून सिरक्याची बारीक धार सोडावी, असा तिचा सारांश आहे. दुसरी कथा अलेक्झांद्र द्युमा या कादंबरीकाराने आपल्या पाककोशात दिली आहे. हा कोश त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ साली, प्रसिद्ध झाला. पोलंडचे सिंहासन गमावलेला राजा स्तानिस्लास याची कन्या मारी ही फ्रान्सच्या पंधराव्या लुईची राणी होती. कन्येच्या भेटीसाठी ल्युनेव्हिलहून व्हर्सायला जाताना स्तानिस्लास शालों येथील एका पथिकाश्रमात उतरला. तेथे मिळालेले कांद्याचे सूप त्याला इतके आवडले की ते कसे करतात हे शिकल्यावाचून पुढे जाण्यास तो तयार होईना. अंगावरच्या झग्यानिशी तो स्वयंपाकघरात गेला आणि आचाऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत ते करून दाखवावे असे त्याने फर्माविले. कथेला थोडे तिखटमीठ लागले असेलही. पण द्युमाने तिच्यासोबत जी कृती दिली आहे तिच्यात मांसरसाऐवजी साधे पाणी आहे. पाण्याऐवजी मांसरस घातल्याने सुपाची नजाकत बिघडते, असा अभिप्रायही त्याने नोंदविला आहे. आजच्या उपाहारगृहांत गोमांसाच्या रसाशिवाय हे सूप होतच नाही असे मानतात. शाकाहारी गृहिणीला मात्र या जुन्या कृतींचा आधार पुरेसा आहे. पाण्यातले सूप ही तडजोड नसून तीही एक जुनी, प्रतिष्ठित परंपरा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांसाठी एक किलो कांदे, पन्नास ग्रॅम लोणी, एक मोठा चमचा तेल, दोन मोठे चमचे मैदा, सव्वा ते दीड लिटर पाणी किंवा भाज्यांचा रस, कडक पावाच्या आठ चकत्या आणि दीडशे ग्रॅम चीज एवढे साहित्य पुरते. कांदा जुना, वाळलेला घ्यावा. फ्रान्समध्ये यासाठी पिवळा कांदा वापरतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात निघणारा आणि चाळीत साठविला जाणारा कांदा या कामी चांगला. त्यात पाण्याचा अंश तुलनेने कमी आणि कस अधिक असतो. अलिबागचा पांढरा कांदा गोड खरा, पण त्याला तिखटपणा बेताचा असल्याने एकटा वापरल्यास सूप मिळमिळीत होण्याचा संभव असतो. थोडा लाल आणि थोडा पांढरा असे मिश्रण करावयास हरकत नाही.

कांदा देठापासून मुळाकडे, उभा चिरावा. आडव्या चकत्यांचे तंतू शिजताना विरघळतात. उभ्या कापांचे तंतू टिकतात आणि सुपात चमच्याला लागतात. काप अगदी कागदासारखे नकोत आणि जाडही नकोत. सगळे सारख्या जाडीचे असले म्हणजे झाले. एक किलो कांदा चिरावयाचा म्हणजे डोळ्यांची परीक्षाच असते. कांद्याच्या पेशी अखंड असताना त्यातील गंधकयुक्त द्रव्ये आणि त्यांच्यावर क्रिया करणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू निर्माण होतो. हा वायू घडविणारे एक स्वतंत्र विकर असल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. थंडीने ही क्रिया मंदावते, आणि धारदार सुरीने पेशी कमी चिरडतात. म्हणून कांदे अर्धा तास शीतपेटीत ठेवून आणि सुरीला धार लावून घेतल्यास अश्रू बरेच कमी होतात.

पातेली जाड बुडाची आणि रुंद असावी. पोलादाची किंवा कल्हई केलेल्या पितळेची चालेल. लोखंडी कढई टाळावी. त्यात पुढे सिरका किंवा द्राक्षमद्य पडताच रस काळवंडतो आणि त्याला लोखंडाची चव येते. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडेही या कामाचे नाही, त्याचे कारण पुढे येईल. लोणी आणि तेल एकत्र तापवून त्यात सगळा कांदा घालावा, अर्धा चमचा मीठ टाकावे, हलवून झाकण ठेवावे आणि अगदी मंद विस्तवावर पंधरा मिनिटे राहू द्यावा. मिठामुळे कांद्याला पाणी सुटते आणि तो स्वतःच्या वाफेत मऊ होतो. या अवस्थेत त्याचा रंग बदलता कामा नये. तो केवळ पारदर्शक व्हावा.

येथून खरी परीक्षा सुरू होते. झाकण काढावे, विस्तव किंचित वाढवावा आणि दर दोन-चार मिनिटांनी उलथन्याने तळापासून हलवीत राहावे. या क्रियेला पाऊण तास ते एक तास लागतो. इतका वेळ का लागावा? कांद्यात शेकडा अठ्ठ्याऐंशी-नव्वद भाग पाणी असते. जोपर्यंत हे पाणी आहे तोपर्यंत कांद्याचे उष्णतामान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही, विस्तव कितीही असो. पाणी आटल्यावर मात्र कांद्यातील शेकडा चार-पाच भाग साखर दाट होते आणि तिचा गोडवा जिभेला जाणवू लागतो. तिखटपणा देणारी द्रव्ये तोवर उडून गेलेली किंवा बदललेली असतात. मग साखर आणि प्रथिनांचे घटक यांच्यात ती क्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रथम केले. भाजलेल्या पावाचा, कॉफीच्या बीचा आणि खमंग परतलेल्या कांद्याचा रंग व वास याच क्रियेतून येतो. शिवाय चिरलेल्या कांद्यात गंधकाचे एक द्रव्य तयार होते, त्याचा गंध शिजल्यावर मांसरसासारखा भासतो. पाण्यातल्या सुपालाही मांसरसाचा भास का होतो, याचे उत्तर यात आहे.

हलविताना पातेलीच्या तळाशी तांबूस थर धरू लागतो. मराठी घरात दूध आटविताना किंवा भात लागल्यावर जी खरवड मिळते, तिचीच ही बहीण. ती करपू न देता पुनःपुन्हा सोडवून कांद्यात मिसळणे हे या पदार्थाचे मर्म आहे. थर घट्ट बसला की दोन चमचे पाणी शिंपडावे. तो सुटतो, रंग कांद्यात उतरतो आणि पाणी आटल्यावर नवा थर धरू लागतो. असे चार-सहा वेळा घडते. लेपाच्या भांड्यात खरवड धरतच नाही, म्हणून ते वर्ज्य. गमतीची गोष्ट अशी की ‘ग्रातिने’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच धातूचा अर्थही खरवडणे असाच आहे. शेवटी पातेली भरून घातलेला कांदा तळाशी बसतो, मुरंब्यासारखा दाट होतो आणि त्याला गडद गुळाचा रंग येतो. सोनेरी रंगावर थांबल्यास सूप फिकट आणि नुसते गोड होते. काळ्यापर्यंत गेल्यास कडू. या दोहोंमधला क्षण ओळखण्यासाठी पातेलीपाशी उभे राहण्याखेरीज उपाय नाही.

घाईच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. विस्तव मोठा केला तर कापांच्या कडा जळतात आणि आतला भाग कच्चा राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास रंग झटपट येतो हे खरे, परंतु कांद्याचे तंतू मोडून त्याचा लगदा होतो. मूठभर साखर घालून रंग आणला तर गोडी कांद्याची राहत नाही. या साऱ्या युक्त्या रंग देतात. चव देत नाहीत. वेळेची अडचण असेल तर कांदा आदल्या दिवशी परतून शीतपेटीत ठेवावा. त्याने काहीही बिघडत नाही.

कांदा तयार झाला की त्यावर मैदा भुरभुरून दोन-तीन मिनिटे परतावा, म्हणजे कच्चेपणा जातो आणि रसाला अंग येते. मग फ्रान्समध्ये अर्धी वाटी कोरडे, म्हणजे गोड नसलेले, पांढरे द्राक्षमद्य घालून ते आटवितात. त्याचे प्रयोजन आंबटपणा हे असते. कांद्याच्या गोडीला आवर घालण्यासाठी काही तरी आंबट हवेच. शिजवल्याने मद्यार्क संपूर्ण उडून जातो हा समज मात्र बरोबर नाही. त्याचा काही अंश शिल्लक राहतो. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी ला व्हारेनचा मार्ग पत्करावा आणि शेवटी एक-दोन चमचे सिरका घालावा. चिंच किंवा कोकम यांचा आंबटपणा येथे जुळत नाही. त्यांचा स्वतःचा स्वाद फार बोलका असतो.

नंतर ऊन पाणी किंवा रस घालावा. रस करावयाचा असल्यास गाजर, अळंब्यांचे देठ, थोडी सेलरी आणि कांद्याची धुतलेली वरची साले पाण्यात अर्धा तास उकळून गाळून घ्यावीत. सालांनी रसाला सुरेख तांबूस रंग येतो. सुपात थाइम या वनस्पतीची एक काडी आणि ‘लॉरिए’चे एक पान घालण्याची रीत आहे. लॉरिए म्हणजे भारतीय तमालपत्र नव्हे. तमालपत्र दालचिनीच्या कुळातले असून त्याचा वास निराळा असतो. थाइममधील मुख्य गंधद्रव्य ओव्यातही असते, तथापि ओवा घातल्यास तोच तेवढा जाणवतो. हे जिन्नस मिळाले नाहीत तर मीठ आणि मिरपूड यांवरच भागवावे. सूप मंद आचेवर अर्धा तास उकळू द्यावे. मीठ हात राखून घालावे, कारण चीजमध्येही ते असते.

पाव शिळाच हवा. फ्रान्समध्ये लांबट बॅगेटच्या चकत्या घेतात. भारतात नेहमीचा लादीपाव रसात पडताच विरघळतो; त्यापेक्षा मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतला ब्रून पाव किंवा गोव्याच्या पोदेराकडचा कडक उंडा अधिक योग्य. बोटभर जाडीच्या चकत्या कापून त्या भट्टीत वा तव्यावर मंद आचेवर, आतपर्यंत खडखडीत वाळेतोवर भाजाव्यात. वरवर भाजलेला पाव बुडतो. वाळलेला पाव रस शोषून घेतो आणि तरीही तरंगतो. चीज म्हणून ग्रुयेर किंवा त्याच्याच जातीचे काँते वापरतात. ही दोन्ही मुरलेली, खमंग आणि सहज वितळणारी असतात. ती मिळाली नाहीत तर मुरलेले चेडर आणि थोडे मोझरेला किसून एकत्र करावे. पहिल्याने चव येते, दुसऱ्याने तार. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी चीजच्या वेष्टनावरील खूण पाहून घ्यावी, कारण अशी कित्येक चीजे वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेली असतात.

शेवटची क्रिया पाहुण्यांना बसवूनच करावी. उष्णता सोसणारे चिनी मातीचे वाडगे घ्यावेत. फ्रान्समध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंना सिंहाची मुखे असतात. त्यांत ऊन सूप भरावे, दोन-दोन चकत्या अशा ठेवाव्यात की पृष्ठभाग झाकला जाईल, वर किसलेले चीज कडेपर्यंत पसरावे आणि भट्टीत सुमारे दोनशे वीस अंशांवर, चीज बुडबुडून जागोजागी तांबूस होईपर्यंत ठेवावे. दहा मिनिटे पुरतात. भट्टी नसली तर अडून बसण्याचे कारण नाही. पावावर चीज घालून तव्यावर झाकण ठेवून वितळवावे आणि ती चकती उकळत्या सुपावर सोडावी. तांबूस पापुद्रा तेवढा मिळणार नाही, बाकी चवीत उणे पडत नाही. वाडगा आला की लगेच चमचा घालू नये. चीजखाली वाफ कोंडलेली असते आणि जीभ हटकून पोळते.

फ्रान्समध्ये हे सूप पहाटेशी जोडलेले आहे. लग्नाच्या मेजवानीत रात्र सरत आली की पाहुण्यांना कांद्याचे सूप देण्याची चाल तेथे अनेक ठिकाणी होती. नाचून दमलेल्यांना, जागरणाने शिणलेल्यांना घराकडे जाण्यापूर्वी ऊन काही पोटात जावे एवढाच तिचा हेतू. ज्या बाजाराने या सुपाला कीर्ती दिली तो मात्र आता त्या जागी नाही. एमिल झोलाने १८७३ सालच्या आपल्या कादंबरीत ज्याला ‘पॅरिसचे पोट’ म्हटले, तो ले आल बाजार १९६९ साली शहराच्या दक्षिणेस रँजिस येथे हलविण्यात आला. १९७१ पासून बाल्तारची दालने पाडली गेली आणि त्यांच्या जागी पुढे जमिनीखालचे विक्रीकेंद्र उभे राहिले. हमाल गेले, रात्रीच्या गाड्या गेल्या. हमाल आणि नाटकाहून परतणारा रसिक जेथे खांद्याला खांदा लावून बसत तो बाकही गेला. उपाहारगृहांत सूप उरले, पण त्यांतल्या पुष्कळांत ते आता चीजच्या थराच्या जाडीवरून जोखले जाते, आणि थर जितका जाड तितकी खालच्या कांद्याची कसूर झाकणे सोपे.

म्हणूनच हे सूप घरी करण्याला अर्थ आहे. एक किलो कांदा आणि एक तास यांचा सौदा उपाहारगृहाला तोट्याचा वाटू शकतो. घराला तो परवडतो. तेथे कुणी तरी पातेलीपाशी उभे असते, खरवड सोडवीत असते, आणि बाहेरून दमून येणाऱ्या माणसाची वाट पाहत असते. ले आलच्या त्या खानावळींत भल्या पहाटे याहून वेगळे काही घडत नव्हते.